दुसऱ्यांदा विचारणारी

सिस्टर, तुम्ही जाऊन खूप वर्षं झाली, म्हणून आज स्पष्टच बोलते. तुमची एक शिकवण साफ चुकीची होती. बोर्डिंगच्या शाळेत गणिताच्या तासाला मी एकच शंका दोनदा विचारली आणि तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलंत. "चांगल्या मुली सांगितलेलं पुन्हा विचारत नाहीत." शंका तशीच राहिली. चांगली मुलगी काही मी झाले नाही. आयुष्यभर संगणक शिकवला, आणि निवृत्तीनंतरही बीडमध्ये बसस्टँडमागच्या एका क्लासला आठवड्यातून दोनदा जाते. मालक माझाच जुना विद्यार्थी. तो शिकवतो, मी मागे बसून मुलांचं प्रॅक्टिकल बघते.

परवा तो सांगत होता, दोन मशीनवरचे दोन प्रोग्राम एकमेकांशी कसे बोलतात. एक जण ठरलेल्या नंबराच्या दाराशी कान देऊन बसतो. दुसरा त्या मशीनचा पत्ता आणि दाराचा नंबर घेऊन निरोप पाठवतो. एका मुलीनं विचारलं, "सर, निरोप पोचला का न्हाई, पाठवणाऱ्याला कसं कळतं?" तो काहीतरी पुटपुटला. तिनं पुन्हा विचारलं. आईबाप ऊसतोडीला जाणारे, ही वसतिगृहात राहणारी. तो भडकला, "एकदा सांगितलं ना? तुला न्हाई जमायचं हे. उद्यापासून टायपिंगला बस."

मी उठले. "ती कुठंही जाणार नाही."

"मॅडम, तुम्हीच आम्हाला असं म्हणायचात."

"म्हणत असेन. तेव्हाही चूकच होती."

मग मी तिला विचारलं, "तुझी आई ट्रकमध्ये ऊस कसा भरते?" ती म्हणते, "माय मोळी डोक्यावर घिऊन शिडीनं चढती, बाप वर ऱ्हातो. त्यानं 'धरली' म्हणल्याबिगर ती हात सोडत न्हाई. आवाज न्हाई आला तर परत हाक मारती."

"मग प्रोग्राममध्ये लिही हेच."

तासाभरात तिनं लिहिलं. निरोप गेला, दुसऱ्या मशीनवरून "धरली" आलं. मालकानं मुद्दाम केबल उपटली. प्रोग्राम थांबला, पुन्हा पाठवलं, पुन्हा थांबला, आणि तिसऱ्या खेपेनंतर पडद्यावर आलं, "वर कुणी न्हाई." पोरं हसली. मालक म्हणाला, "बस इथंच." ऐकलंत, सिस्टर? अख्खं जग ज्यावर चालतं ती यंत्रं न लाजता पुन्हा पुन्हा विचारतात.

निघताना ती माझ्यापाशी आली. "मॅडम, बापानं मोळी धरली, पण त्याची हाकच मायला ऐकू न्हाई आली तर?" मी म्हणाले, मग ती पुन्हा पाठवेल, निरोप दोनदा पोचेल. "पण मग दोघांना एकदाचं पक्कं कधी कळायचं?" मी काहीतरी सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहून टाकते. मी तिच्यावर खेकसले, कारण पुढचं उत्तर मला येत नव्हतं.