नेसून उठायचं लुगडं

शहापूर, ता. १२ डिसेंबर १९३७

ती. रा. रा. महिपतदादास धाकट्या गिरजेचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि वालाच्या शेंगा, दोन्ही पोचलं. वहिनीला सांग, शेंगा लोण्यासारख्या शिजल्या.

आता खरं सांगते, कारण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलंस तर मला शिव्या घालशील. माझं छातीचं दुखणं बरं व्हायचं नाही, असं डॉक्टरांनी आमच्या मास्तरांना सांगितलं. दोन दिवस मास्तर माझ्याकडे बघेनात, तेव्हाच मी ओळखलं. पुढचा पावसाळा काही मी बघत नाही. भय फार वाटत नाही. वाईट वाटतं ते मास्तरांचं, आणि बारा वर्षांत तुला पाहिलं नाही त्याचं. मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीच्या धाकानं तू माझा उंबरा सोडलास. पत्रं मात्र सोडली नाहीस, म्हणून मीही कधी काही बोलले नाही. आज मागते. बाई गेली की तिच्यावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. माझं तू आण, तुझ्या हातानं.

एक मात्र सांगते. जाळायचंच आहे म्हणून आपल्याकडे विरविरीत कापड घेतात, तसलं नको. आम्हांला पुरतात, आणि प्रभू हाक मारील त्या दिवशी मला ते नेसून उठायचं आहे. घट्ट विणीचं बघ, काठ हिरवा.

लोभ आहेच, तो कापडात दिसू दे.
तुझी गिरजा

॥ श्री ॥
धसई, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

चि. सौ. गिरजेस महिपतदादाचे अ. उ. आ.

पत्र वाचलं, ठेवलं, पुन्हा वाचलं. जित्या माणसासाठी ते लुगडं घेत नाहीत, एवढंही विसरलीस काय? तुझ्या वहिनीनं रडून डोळे सुजवून घेतलेत. मुरबाडच्या वैद्याचा काढा पाठवला आहे, तो मुकाट्यानं घे.

आणि उठायचं म्हणतेस! अगो, लावणीच्या दिवसांत तुला उठवता उठवता बा थकायचा. तोंडावर पाणी मारल्याशिवाय तुझा डोळा कधी उघडला नाही. तू कसली हाकेला उठतेस?

थट्टा राहू दे. तुला जमिनीत घालणं मला सोसत नाही. खाली वाळवी, वर कोल्ही. अग्नी दिला की माणूस सुटतं, असं आमी लहानपणापासून ऐकलं. आणि समज, तू उठलीस. मी तर राख होऊन नदीतून गेलेला असणार. मग मला कुठं शोधशील?

प्रकृतीस जपावे, एवढंच मागणं.
तुझा दादा

शहापूर, ता. २८ डिसेंबर १९३७

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

नाताळ झाला. गाणी बिछान्यातूनच ऐकली. काढा घेते, त्यापेक्षा मरण गोड असेल.

राखेचं म्हणतोस. दादा, आपण राब भाजतो. पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन जाळतो, आणि त्याच राखेत भात पेरतो. राखेतून रोप येतं हे तू मला सांगायचं की मी तुला? तू राखेत, मी मातीत. ज्याचं बी, त्याला ते कुठं टाकलंय हे ठाऊक असतं. खोकल्यानं जीव घाबरतो तेव्हा मीही भिते, खोटं कशाला बोलू? मग हे आठवते आणि धीर येतो.

वाद पुरे. तू ये. नाहीतर मास्तर बाजारातून कापड आणतील आणि मी बिनमाहेरची जाईन.

वाट बघते, हेच वि. वि.
गिरजा

॥ श्री ॥
धसई, पौष वद्य तृतीया

चि. सौ. गिरजेस अ. उ. आ.

म्हशाच्या जत्रेला बैल बघायला गेलो होतो. बैल काही घेतला नाही. कापडवाल्याच्या पालात शिरलो. त्यानं विचारलं कोणासाठी, तर बहिणीसाठी म्हटलं. प्रेताच्या कापडाचा भाव करत नाहीत, तुला ठाऊक आहे. मी केला. इतकी घासाघीस केली की शेवटी त्यानं हात जोडले. लुगडं घट्ट विणीचं आहे, काठ हिरवा.

भावकीत अजून बोललो नाही. येतो असं लिहीत नाही. लुगडं घेतलं, एवढं लिहितो.

आशीर्वाद आहेतच.
दादा

॥ श्री ॥
धसई, चैत्र शुद्ध पंचमी

रा. रा. दामोदर मास्तर यांस महिपतचा सा. न. वि. वि.

काल सुखरूप घरी आलो. तुमचा निरोप मिळाला तेव्हा भावकीला सांगूनच निघालो होतो. तिथलं पाणी प्यालास तर वाळीत टाकू, असं म्हणाले होते. प्यालो, तेही आल्याबरोबर सांगितलं. बघू काय करतात.

गिरजी बोलत होती तोवर पोचलो, हे माझं नशीब. लुगडं उशाशी ठेवलं, तर तिनं काठ चिमटीत धरून वीण पाहिली आणि टिकंल म्हणाली. माझ्याशी तिचं तेवढंच बोलणं झालं.

खाली उतरवण्याआधी मी तिच्या पदरात मूठभर बियाण्याचं भात बांधलं. पाळकसाहेबांनी हरकत घेतली नाही, त्यांचे उपकार. त्यांच्या मनात काही राहिलं असेल तर सांगा, त्यात आमचा मंतर-तंतर काही नव्हता. माहेरून निघालेल्या लेकीची ओटी आमी भरतो, ती परत यावी म्हणून.

राब भाजायला काढले आहेत. धूर डोळ्यांत जातो. उठणं खरं की खोटं, ते मला कळत नाही. पण तिचा भरवसा होता आणि तो मला मोडवत नाही. म्हणून एक काम सांगतो. तुमी रोज प्रार्थना करता. हाक मारणार असेल त्याला एवढं कळवा की आमच्या गिरजीला एका हाकेत जाग येत नाही. दोनदा मारा म्हणावं.

येणंजाणं तोडू नका.
आपला,
महिपत