पिसांची डबी

३ मार्च, रविवार

आले एकदाची! मँचेस्टरहून सहा तास ट्रेन आणि वर एक खटारा बस. स्कॉटलंडमधलं हे गाव म्हणजे एक चर्च, एक दुकान, नदी आणि माझं नवं हॉस्पिटल. पण भाड्याचं घर झकास! खिडकीशी घरमालकिणीच्या नवऱ्याचं टेबल आहे, सॅमन माशासाठी पिसांचे गळ बांधायचं. फ्लाय म्हणतात त्यांना. आकड्यावर रेशीम गुंडाळायचं, रंगीत पिसांच्या काड्या एकमेकींना जोडून पंख करायचे. एका बरणीत चक्क आपल्या सह्याद्रीतल्या रानकोंबड्याची पिसं सापडली. तेवढीच सोबत. टेबलाला हात लावू नका, एवढंच मिसेस फ्रेझरनी, म्हणजे घरमालकीणबाईंनी, बजावलंय.

६ मार्च

सकाळी खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर पत्र्याची डबी, आत नवीकोरी फ्लाय. मिसेस फ्रेझरच ठेवून गेल्या असणार. बोलायला खडूस, पण मनानं बऱ्या दिसतात. रिकामी डबी परत करायची आपल्यात पद्धत नाही. आई तर शेजारणीच्या वाटीत निदान चिमूटभर साखर घालायची. मीही साखर घालून डबी तिथंच ठेवली. आज पेशंट सोडले तर एकाही माणसाशी बोलले नाही. घरी आल्यावर टीव्हीशी भांडले.

९ मार्च

डबी पुन्हा आली, आणि नेमकी साखर संपलेली. मग आईच्या अर्धवट राहिलेल्या स्वेटरची हिरवी लोकर वीतभर कापून घातली. गेल्या वर्षी ती गेली तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसासाठी गेलेला. अंत्यविधी फोनवर पाहिला. तिचा चेहरा दाखवायला दादानं फोन पुढे नेला आणि तेवढ्यात नेटवर्क गेलं. हे मी कुणाला सांगत नाही. इथं विचारणारं तरी कोण आहे?

११ मार्च

आजच्या फ्लायचं अंग हिरव्या लोकरीचं. काय सुरेख बांधलंय!

दुपारी दुकानात मिसेस फ्रेझर भेटल्या. आभार मानले तर त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी काही ठेवलेलंच नाही. फ्लाय बांधायचा तो त्यांचा अलेक. दोन वर्षांपूर्वी नदीत गेला, सापडलाच नाही. डबीत मी काही घातलं का, असं त्यांनी तीनदा विचारलं. मी नाही म्हणाले. खोटं का बोलले, कुणास ठाऊक. निघताना म्हणाल्या, समुद्रातून नदीत परतलेला सॅमन काही खात नाही. भूक नसतेच त्याला, तरी गळ धरतो. माशाला काय हवंय ते ओळखून बांधावं, असं अलेक म्हणायचा.

१३ मार्च

डबी. उघडायची नाही असं ठरवलं होतं. उघडली.

पंखांच्या जागी पांढरे केस. ब्राह्मीच्या तेलाचा वास. हे मी दिलेलं नाही — माझ्याकडे आईचा एक केससुद्धा नाही. खूप रडले. भीतीनं नाही, आनंदानं, आणि त्याचीच भीती वाटतेय.

मँचेस्टरच्या मैत्रिणीला, सुलक्षणाला, फोन केला. ती ओरडलीच, बॅग भर आणि निघून ये, वेडे! उद्या दहाची बस आहे.

१४ मार्च, सकाळी नऊ

बॅग दाराशी. कट्ट्यावर डबी नाही. खाली नदीच्या पायरीवर दिसतेय. बघायला जाणार नाही.

साडेनऊ

आलेच शेवटी. पायरीवर बसून लिहितेय. डबी रिकामी —

पलीकडे गुडघाभर पाण्यात आई. पाठमोरी. अंबाडा तिचाच. अगं आई गं —

दहाला पाच

मानेपासून खाली रेशमाचे वेढे. घट्ट, एकाला एक लागून. मला दिसतंय. बांधलीय तिला. मी आंधळी नाही —

बस आली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. ती विचारतेय, जेवलीस का गं. आवाज तोच. भूक नाही मला. नाहीच —

मान वळवतेय. फक्त तोंड बघते तिचं, एकदाच, आणि लगेच —