मधलं वजन

४ मार्च

नव्या विमानाचा पंख आज दोऱ्यांना टांगला. शेड अपुरी पडली, एक टोक दारातून बाहेर. जाड लवचीक दोऱ्या — आपण हवेतच आहोत असं पंखाला वाटावं म्हणून. मग छोट्या यंत्राने हलवायचा आणि कुठे किती थरथरतो ते मोजायचं. माझ्या कॉम्प्युटरमधला पंख आणि हा खरा पंख, दोघांची आज गाठ पडली. जुळले. सख्खी भावंडं नाहीत, पण चुलत तरी नक्की.

ताई येऊन गेली. विमान तीच उडवणार. टोक एका बोटाने खाली दाबलं आणि सोडलं. पंख बराच वेळ सावकाश हेलकावत राहिला.

"बारके, बाबा असते तर म्हणाले असते, हा पंख आहे की खिडकीचा पडदा?"

दोघी हसलो. नंतर माझं कामात लक्षच लागेना.

५ मार्च

बाबा डोक्यातून जात नाहीत. फ्लाइंग क्लबातली ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, दुरुस्त करायचे ते. लाकूड, कापड, हातांना सरसाचा वास. सकाळी आधी पंखाचं टोक धरून हलवायचे, मान तिरकी करून ऐकायचे. "आधी विचारावं कसा आहेस बाबा, मग वर न्यावं."

ताईला कायम वर जायची घाई. माझं काम टोक सावरायचं — ग्लायडर जमिनीवर एका अंगावर कलतं, म्हणून सुटताना कुणीतरी टोक धरून सोबत पळावं लागतं. मी पळायची, ताई उडायची. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. धापा टाकत उभी राहायची आणि तिचा पंख वर किती वाकलाय ते बघत बसायची. ताई लहानशी होईपर्यंत.

९ मार्च

दिवसभर आकडेमोड. डोकं भणभणलंय. चहा तीनदा गार झाला.

११ मार्च

हवेत हा पंख धनुष्यासारखा वर वाकतो आणि तसा वाकला की विमानाचा स्वभावच बदलतो. धक्का बसला की पंख वाकतो, नाक वर जातं, पंख आणखी वाकतो, नाक खाली येतं — संथ झुला. वेग बेताचा असला तर आपोआप निवतो. वेग जास्त असला तर वाढत जातो, आणि मग पंख तुटतो.

कारण सापडेना. कॉम्प्युटरमधल्या विमानात एकेक गोष्ट बदलून पाहिली. पंखाची जाडी वाढवली, बॅटऱ्या इकडच्या तिकडे केल्या. झुला आहे तिथेच. शेवटी मधली केबिनच काढून टाकली — काच, खुर्ची, पायलट, सगळं. झुला गेला. परत ठेवली. परत आला.

मधलं वजन. म्हणजे ताई.

१२ मार्च

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "वेगाची मर्यादा घालू. झुल्याचं पायलटना सांग. केबिनचं आत्ता नको काढू, उड्डाण तोंडावर आलंय." मला सुटल्यासारखं झालं. या विमानासाठी ताईने किती वर्षं वाट पाहिली, ते मला ठाऊक आहे. तिच्या वयाचे बाकीचे पायलट कधीच विमानाच्या खुर्चीतून उतरले.

ताईला झुला समजावला, मर्यादा सांगितली. तिने एकच विचारलं, "आणि हे होतं कशाने?"

"पंख फार लांब आहे म्हणून."

खोटं नाही. पण खरंही अर्धंच.

१५ मार्च

फुटपट्टी आठवली. आम्हा दोघींत एकच टेबल. ताई अभ्यासाच्या नावाखाली फुटपट्टी टेबलाच्या कडेला दाबून धरायची आणि टिचकी मारायची. जास्त बाहेर काढली की जाड आवाज, आत ओढली की बारीक. आई आतून ओरडायची, "कोण ते?" ताई लगेच, "बारकी!" मार मला. पण आवाज का बदलतो ते मला कळल्याशिवाय चैन पडेना. आज ज्यावर माझं पोट चालतं ते सगळं तिथून आलं. तिला हे सांगायचं राहूनच गेलंय.

१८ मार्च

उड्डाण. सकाळी हवा शांत. नंतर ऊन तापलं आणि खालून धक्के यायला लागले. खाली माझ्यासमोरच्या पडद्यावर पंखाची हालचाल दाखवणारी रेघ हलली. मग रेडिओवर ताई — चारचौघांत ती मला कधी या नावाने हाक मारत नाही — "बारके, आला गं तुझा झुला."

"वेग कमी कर. नाकाशी झगडू नकोस. त्याचं त्याला बसू दे."

रेघ मोठी झाली. आणखी मोठी. साहेब खुर्चीतून उठले. मग रेघ तेवढीच राहिली. मग लहान झाली.

ती उतरली. सगळे टाळ्या वाजवत होते. मला बाजूला घेऊन म्हणाली, "वर मधली खुर्चीच वरखाली होत होती. खरं सांग. मी आत नसते तर हा झुला आला असता?"

मी मधल्या केबिनकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली आणि हातमोजे काढू लागली.

२० मार्च

बैठकीत पुढच्या उड्डाणाचा विषय निघाला. ताई म्हणाली, "आधी खुर्ची काढा. जमिनीवरून उडवू या." तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुपारी डबा घेऊन माझ्या खोलीत आली. कागद बाजूला सारले, खुर्ची ओढली. "सरक जरा. ही रेघ कशी वाचायची?"