पट्टीचं पाणी

आबा, तुमचा टँकर आता गावात फिरत नाही, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलंय. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, तरी गावातली कुठलीही बातमी कळली की ती ऐकून तुमच्या कपाळावर आठ्या पडल्या असत्या का, हे मी आधी मनात बघते.

उन्हाळ्यात आपल्या कापसाच्या जिनिंगच्या बोअरवर टँकर भरायचा आणि खालच्या वस्तीत जायचा, फुकट. तुम्ही पाण्याला कधी कुणाला नाही म्हटलं नाही, हे मी कुठेही सांगेन. पण टँकर सुटण्याआधी वस्तीतल्या कुणीतरी रोज येऊन मागायला हवं, हा तुमचा रिवाज. बाया फाटकाबाहेर चपला काढतात, अंगणात येतात, पदर सावरत उभ्या राहतात. तुमचा चहा आणि पेपर चाललेला असतो. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते आणि आईला विचारते, आबा लवकर का उठत नाहीत. आई भाकरी थापत राहते. त्या बायांत माझ्या वर्गमैत्रिणीची आईही असायची. ती आली की त्या दिवशी शाळेत मला मैत्रिणीच्या शेजारी बसवत नसे. कॉलेजात गेल्यावर एकदा धीर करून म्हटलं, आपल्यासारख्यांनी ग्रामपंचायतीला पाणीपट्टी जास्त दिली तर वस्तीत नळ जाईल. तुम्ही पेपर खाली ठेवला. "देणं येगळं अन् वसूल करून घेणं येगळं. माज्या हातानं मी लई देईन, पर माज्याकडून कुणी काडून घेतलेलं मला चालायचं न्हाई." त्यानंतर कितीतरी वर्षं मी तो विषय काढला नाही.

दोन वर्षांपूर्वी ग्रामसभेत तोच विषय निघाला. मोठी घरं, मंगल कार्यालय आणि आपली जिनिंग यांना पट्टी जास्त, आणि त्यातून खालच्या वस्तीसाठी टाकी आणि नळ. जिनिंग आता मी चालवते, त्यामुळे सगळे माझ्याकडेच बघत होते. खरं सांगते, मी उठले ती विरोध करायलाच. म्हटलं, पट्टी कशाला वाढवता, आबांच्या नावानं मी दर उन्हाळ्यात टँकर देतच राहीन. वाटलं, लोक खूश होतील. तेव्हा त्या मैत्रिणीची आई उठली, आता पार वाकलेली. आवाज न चढवता म्हणाली, "टँकर नको बाई. तुमी दिलं की आमाला गप बसावं लागतं. पट्टीचं पाणी आसलं, तर न्हाई आल्यावर भांडता येतंय."

मला एवढी लाज वाटली की मान वर होईना. मग मी पट्टीच्या बाजूनं हात वर केला. चुलतभाऊ भडकला, जिनिंग नेकनूरला हलवू म्हणाला. हलवली कुणीच नाही. कापूस इथला, माणसं इथली. नळ आल्यापासून वस्तीतल्या बाया जिनिंगवर वेळेवर येतात, दोघींनी मिळून पिठाची गिरणी टाकली. गावाची गरिबी हटली असं म्हणणार नाही. पट्टी भरताना मलाही जिवावर येतं, आणि ग्रामपंचायतीत जाऊन मी हिशेब मागते. पण सकाळी फाटक उघडलं की अंगणात कुणी ताटकळत नसतं, आबा, आणि मला इतकं हलकं वाटतं. एवढी वर्षं ते ओझं होतं, हेही मला उतरल्यावर कळलं.

हा कागद मात्र कुणाला दाखवता यायचा नाही. हात वर करताना मी सभेला सांगितलं की आबा असते तर त्यांनी माझ्याआधी हात वर केला असता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. मी धडधडीत खोटं बोलले. तुम्ही असतात तर मी उभीसुद्धा राहिले नसते.