खेचराचा मागचा एक्सल

मी, एदिल्मा कास्त्रियोन, कै. मिसाएल कास्त्रियोन यांची मुलगी, आर्नोबिओ लोंदोन्यो याची लग्नाची बायको, वय छप्पन्न, राहणार ला ओंडा, पिहाओ गावाच्या वरच्या अंगाला, आज पूर्ण शुद्धीवर असताना आणि कुणी हात धरून लिहवत नसताना हा कागद करते. डोकं ठिकाणावर आहे. बिघाड आहे तो हृदयाच्या झडपेत. ती बदलायला मंगळवारी मला शहरातल्या मोठ्या इस्पितळात बोलावलंय. डॉक्टर म्हणाले, गाईची झडप बसवू. मी विचारलं, "जुळेल का?" तर ते हसले. एकीचा भाग दुसरीला लावताना आधी जुळतोय का ते बघायचं असतं. माझ्या घरात ते कुणी बघितलं नाही, म्हणून हा कागद करायची वेळ आली.

मी दुसरीपर्यंत शिकले. नोटरीसाहेबांच्या कारकुनाने माझी वाक्यं सरळ करायला घेतली होती. त्यांना म्हटलं, "तुम्ही वेलांट्या बघा आणि शिक्का मारा. वाक्यं माझी राहू देत."

मला पुरून झालं की हा कागद पुलाजवळच्या रुबिएलच्या बिलियर्डच्या गुत्त्यात, सगळे बसलेले असताना, मोठ्याने वाचायचा. चर्चमध्ये नाही. माझ्या मुलीची अब्रू जिथे काढली गेली तिथेच ती परत ठेवायची आहे.

कलम पहिलं. घर. ते आम्ही दोघांनी मिळून बांधलं, म्हणजे मी विटा वाहिल्या आणि आर्नोबिओने रंग निवडला. कायद्याने अर्धं त्याचं आहे, त्याला माझी ना नाही. माझं अर्धं माझी एकुलती एक मुलगी यामिले हिला. स्वयंपाकघर माझ्या अर्ध्यात धरावं. आर्नोबिओला सकाळची कॉफी हवी असेल तर त्याने दार वाजवून मागावी आणि आधी "शुभ सकाळ" म्हणावं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, अजून त्याला ते जमलेलं नाही, पण शिकायला वय आड येत नाही.

कलम दुसरं. ओढ्याच्या वरचा कॉफीचा तुकडा बाबांकडून मला आला, तो यामिलेला. कॉफीवाल्यांच्या संस्थेत माझ्या नावावर जे काही असेल तेही तिलाच. केळीची रांग आर्नोबिओला. कालार्काला जीपगाड्यांच्या मिरवणुकीत गाडीवर लादायला त्याला केळीच लागतात.

कलम तिसरं. नणंद अलेइदा हिला माझ्या कुकरचं झाकण. कुकर तिने माझ्याकडून ईस्टरला नेला, त्याला आता तीन ईस्टर झाले. परत मागितला की म्हणते, "वहिनी, तो तुमचाच होता का?" आता सगळा तिचाच होऊ दे. झाकणाची रबरी कड फाटलेली आहे. हे मी आत्ता सांगून ठेवते, मागाहून मला नावं ठेवायला नकोत.

आर्नोबिओचा मिरवणुकीतला चषक टीव्हीवर आहे. तो खुराड्यात न्यावा. कोंबड्यांना पाणी प्यायला त्याची खोली बरोबर आहे. चषक त्याचा असला तरी पुसते मी, म्हणून एवढा अधिकार घेते.

कलम चौथं. दोन जीपगाड्या. हे नीट वाचावं आणि वाचणाऱ्याने मध्ये थांबून कुणाला बोलू देऊ नये.

एक जीप बाबांची. तिला सगळे खेचर म्हणतात, कारण ती तशीच आहे, कुरूप आणि भरवशाची. ती फक्त माझी आहे. दुसरी लग्नानंतर घेतलेली, लाल रंगाची, चकचकीत बंपरची, आरशाला फिती लावलेली. ती नवरी. नवरी आर्नोबिओला, खेचर यामिलेला. दोन्ही गाड्या आज जशा उभ्या आहेत तशा. कुणाचाही एकही नटबोल्ट इकडचा तिकडे करायचा नाही. केला तर करणाऱ्याचा या कागदातला वाटा त्या दिवशी संपला.

आता कारण लिहिते. आपल्या डोंगरात असं कुणी नाही ज्याला जीप कळत नाही, पण आर्नोबिओ आहे.

बाबांनी खेचराला पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये डोंगराचे दाते बसवले होते. म्हणजे इंजिन पुष्कळ फिरावं तेव्हा चाक थोडं फिरतं. वेग नाही, पण पाठीवर कॉफीची पोती आणि मागच्या फळीवर उभी माणसं घेऊन सान्ता रीटाचा चढ ती चढते. आणि उतरताना ब्रेक कमी लागतो, इंजिनच तिला दाव्याला बांधल्यासारखं धरून ठेवतं. नवरीला सडकेचे दाते होते. पळायला ठीक.

पण आर्नोबिओला कालार्काच्या मिरवणुकीत नवरी नाचवायची होती. मागे केळी, कपाट, पलंग, जिवंत कोंबड्या असं लादायचं, पुढची चाकं हवेत उचलायची, आणि मागच्या दोन चाकांवर चौकात गिरक्या घ्यायच्या. उचलायला झटका लागतो, तो सडकेच्या दात्यांत नाही. मी मावशीच्या मर्तिकाच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला सालेन्तोला गेले, तेवढ्यात याने परगावचा मिस्त्री आणून खेचराचा मागचा एक्सल नवरीला लावला आणि नवरीचा खेचराला. फक्त मागचा. पुढचा कशाला बदलायचा? मिरवणुकीत पुढची चाकं हवेतच असतात. नवरीचा पुढचा शाफ्टसुद्धा त्याने ओझं नको म्हणून काढून टाकला आणि खुराड्याच्या छपराला टेकू दिला. चौकात चारही चाकांचा जोर लागतच नाही ना.

चौकात नाही लागत. सान्ता रीटावर लागतो.

ज्या वर्षी त्याला चषक मिळाला त्याच वर्षी, पाऊस पडून गेलेल्या शनिवारी, यामिले बाजाराची माणसं घेऊन खेचर खाली आणत होती. दोन्या त्रान्सितो, म्हणजे खाली सही करणाऱ्या त्रान्सितोबाई, तिच्या मागच्या बाकावर होत्या. उतार सुरू झाला तशी आजोबांनी शिकवल्याप्रमाणे तिने चारही चाकं जोडली आणि हळू गिअर टाकला. पुढे डोंगराचे दाते, मागे सडकेचे. चिखलात चाकं घसरून निभावत होती. दगडी वळणावर पकड आली आणि पुढचं-मागचं एकमेकांशी भांडायला लागलं. मोठा आवाज झाला, शाफ्ट तुटला, गिअर सुटला, ब्रेक आधीच तापलेले. एका बाजूला दरी, एका बाजूला डोंगर. पोरीने गाडी डोंगराच्या अंगावर घातली. कुणी मेलं नाही. तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं.

संध्याकाळी मी तिला इस्पितळातून घरी आणत होते, तेव्हा आर्नोबिओ रुबिएलच्या गुत्त्यात उभा होता. काठी हातात, पांढरी टोपी डोक्यावर.

"मी तिला सांगत होतो," तो म्हणाला. "गाडी म्हणजे काय मक्याचे अरेपा भाजायचा तवा आहे? पोरीचं काम नाही ते."

रुबिएल म्हणाला, "अरे, पण गाडीलाच काही झालं असेल."

"गाडीला? मिसाएलची गाडी ती. गाडीला काय होतंय? हाताला होतं."

हे मला रुबिएलनेच सांगितलं, आणि तो खाली साक्षीदार आहे. दुसऱ्या शनिवारपासून लोक दुसऱ्या जीपला हात करायला लागले. कुणी वाईट बोललं नाही, फक्त कुणी चढलं नाही. यामिलेने चावी खिळ्याला अडकवली आणि शहरात एका पार्लरमध्ये लागली. जिच्या हातात सान्ता रीटाचा उतार होता, ती आता बँकेतल्या बायकांची नखं रंगवते. रविवारी येते, खेचराकडे पाठ करून जेवते. मी म्हणते, "एक फेरी मार." ती म्हणते, "आई, बाबा बरोबर बोलले असतील." हे मला सगळ्यात जास्त लागलंय. झडपेपेक्षा जास्त.

खेचर शेडमध्ये तसंच पडून होतं. गेल्या वर्षी मी त्याचा तुटका शाफ्ट काढायला खाली शिरले. शेजारचा वेल्डर हिल्दार्दो कंदील धरून होता. पुढचं चाक आणि मागचं चाक हाताने फिरवून बघितलं, तर दोन्हीकडच्या शाफ्टांचे फेरे जुळेनात. मग मी एक्सलच्या पोटावरून हात फिरवला. बाबांच्या एक्सलवर हिल्दार्दोच्या बापाने टाकलेला वेल्डिंगचा उंचवटा आहे, मक्याच्या दाण्याएवढा. तो तिथे नव्हता.

हिल्दार्दो म्हणाला, "दोन्या एदिल्मा, नवरीखाली बघायचं का?"

"तूच बघ," मी म्हटलं. "मी बघितलं तर कुणाचं तरी डोकं फुटेल."

उंचवटा नवरीखाली होता, वर लाल रंग फासलेला.

मी आर्नोबिओला विचारलं, "खेचराचा मागचा एक्सल कुणी बदलला?"

तो म्हणाला, "कुठला एक्सल? तुझ्या बापाने लावला तोच आहे. तू आता जीपच्या खाली लोळायला लागलीस? लोक काय म्हणतील?"

पुढे वाद घातला नाही. थोड्याच दिवसांनी त्याला हर्नियाचं ऑपरेशन करावं लागलं आणि पडून राहायला तो अलेइदाकडे गेला. तिथे त्याला माझ्याच कुकरमध्ये शिजवलेलं सूप मिळत होतं. इकडे हिल्दार्दोने आणि मी दोन्ही मागचे एक्सल काढून ज्याचे त्याला लावले. खेचराला नवा शाफ्ट बसवला. नवरीखाली गेलेल्या एक्सलला मी लाल रंग दिला. दोनदा दिला. आर्नोबिओला रंग दिसतो, दाते दिसत नाहीत. पांढरा सदरा शिवल्यापासून त्याची पाठ कुठल्याही गाडीखाली जमिनीला लागलेली नाही.

याला कुणी चोरी म्हणत असेल तर म्हणो. नोटरीसाहेबांना विचारलं, ते म्हणाले, आपली वस्तू आपल्या गाडीत ठेवली तर गुन्हा नाही.

जूनमध्ये कालार्काला नवरी उभी राहिली. केळी, कपाट, पलंग, कोंबड्या, वर येशूची तसबीर. आर्नोबिओने क्लच सोडला. पुढची चाकं जमिनीवरच. परत सोडला. नवरी प्रार्थनेला बसलेल्या म्हातारीसारखी बसून राहिली, फक्त कपाटाचं दार उघडलं.

"केळी ओली होती," तो घरी येऊन म्हणाला.

"हो का."

"आणि पेट्रोलात काहीतरी घातलं होतं. मत्सर असतो लोकांना."

"असतो," मी म्हटलं.

तेव्हापासून त्याने कार्ब्युरेटर दोनदा उघडला, पाद्रीबाबांकडून गाडीवर पवित्र पाणी शिंपडून घेतलं आणि एका माणसाशी बोलणं टाकलं. वर सगळ्यांना सांगतो, नवरी हल्ली सडकेवर काय पळते, मी ट्यूनिंग केलंय. आर्नोबिओ, ते ट्यूनिंग मी केलंय.

कलम पाचवं. हत्यारं. बाबांचा जॅक, बेअरिंग ओढायचा पुलर आणि पान्यांची पेटी यामिलेला. पेटीतला मोठा पाना हिल्दार्दोकडे आहे, तो त्याने आणून द्यावा. साक्षीदार असला तरी. खुराड्याला टेकू दिलेला नवरीचा शाफ्ट आर्नोबिओला, छपरासकट.

कलम सहावं. माझं पुरणं. हे यामिलेला मी तोंडी सांगून ठेवलंय, म्हणजे कागद वाचला जाईल तोवर झालेलं असेल. कबरस्तान सान्ता रीटाच्या माथ्यावर आहे. माझी शवपेटी गावातल्या चर्चमधून खेचरावर वर न्यायची, यामिलेने चालवायची. आर्नोबिओ नवरी काढणारच. फिती लावेल, काळ्या लावेल, आणि अलेइदाला पुढे बसवून मागून येईल. त्याला कुणी अडवू नये. एरवी तो लांबच्या पक्क्या सडकेने फिरून घरी येतो, म्हणून हा चढ नवरीला झेपत नाही हे त्याला ठाऊक नाही. नवरी सडकेच्या दात्यांवर, मागच्या दोनच चाकांनी, दगडी वळणापर्यंत येईल. तिथे ती बसेल. यामिलेने थांबायचं, दोरी टाकायची आणि मला पाठीवर घेऊन त्याला वर ओढायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही. मागून चालणाऱ्या लोकांना फक्त बघू द्यायचं.

नवरी आपल्या जोरावर माथ्यावर पोहोचली असेल, तर हे चौथं कलम फाडून टाका आणि दोन्ही गाड्या आर्नोबिओला द्या. मी एवढं लिहून देते.

नसेल पोहोचली, तर आर्नोबिओ, अंगावरची धूळ झाड आणि आता सगळ्यांसमोर म्हण की त्या शनिवारी गाडीचं चुकलं, हाताचं नाही. एकदा म्हटलंस की पुरे. रुबिएलने मग त्याला एक ग्लास पाजावा. माणूस वाईट नाही. फक्त त्याला पुढची चाकं हवेतच आवडतात.

झडप जुळली आणि मी परत आले, तर हा कागद कपाटात राहील आणि मी तो जिवंतपणीच वाचून दाखवेन. पण सगळं मरणावर सोडायची मला सवय नाही. मंगळवारी मला शहरात न्यायला खेचरच निघणार आहे. हिल्दार्दो चालवायला तयार होता, त्याला मी पाठदुखी आणवलीय. आर्नोबिओला कालार्काला कुणीतरी बोलावून घेतलंय, कुणी ते विचारू नका. यामिलेला निरोप पाठवला की दुसरा माणूस मिळत नाही. तिने फोनवर आधी ब्रेकचं विचारलं. मग म्हणाली, "चारही चाकं जोडून उतरू?"

मी म्हटलं, "तुझ्या आजोबांनी काय शिकवलं होतं?"

म्हणून मंगळवारी आम्ही दोघी सान्ता रीटा उतरणार आहोत. झडपेचं मला सांगता येत नाही. उताराची काळजी नाही.

हे सगळं मला वाचून दाखवलं, ऐकून बरोबर वाटलं, खाली सही माझीच आहे.

एदिल्मा कास्त्रियोन

साक्षीदार:
हिल्दार्दो बुरितिका, वेल्डर. एक्सल डोळ्यांनी पाहिला. पाना आणून देईन.
त्रान्सितो मोरालेस. त्या शनिवारी मागच्या बाकावर होते. मुलीने गाडी डोंगराकडे वळवली म्हणून आज सही करते आहे.
रुबिएल ओसोरिओ, गुत्त्याचा मालक. जे ऐकलं ते ऐकलं. ग्लास माझ्याकडून.

स्थळ: पिहाओ. शुक्रवार, १६ मार्च २०१८.