कपाटाच्या जागी दार

अमरावती,
१९ ऑक्टोबर २०२४

चि. वर्षाली बेटा, आशीर्वाद.

तू, जावईबापू, विहीणबाई समदे बरे असान. अकोल्यात अजून गरमी हाय म्हणतेत. इकडं दसऱ्याले झेंडू चांगला गेला. मी मजेत हाय. फोनवर तुह्या सासूबाई बाजूलेच बसल्या असतात, म्हणून लिहून राहिली. चौथीतली अक्षरं हायेत, सांभाळून घेजो.

घरकुल पुरं झालं. स्लॅब पडला, आता गळत नाही. ओटा, संडास, न्हाणी समदं आतच. तू म्हणत होती ना, टिनाच्या झोपडीत सासरच्या माणसायले कसं आणू, न्हाणीले धड कडी नाही. बरोबरच होतं तुहं. आता न्हाणीले दोन कड्या हायेत.

नकाशात दार रस्त्याकडून होतं. आधी माहं अन् भागीरथाचं दार अंगणात समोरासमोर. गजरे ओवत, भांडत बसत होतो दोघी. आता तिकडं घराची मागची भिंत आली. नत्थुजी मिस्त्रीनं विचारलं होतं, "बेबीताई, मागून दार ठेवू का कपाट?" मी म्हटलं, कपाट ठेव. माह्या लेकीनं जलमभर कपडे खिळ्याले टांगले, आता येईन तं कपाटात ठेवीन.

कपाट रिकामं हाय. भागीरथाचे गुडघे दुखतेत, रस्त्यानं वळसा घालून थे येत नाही. मी एकटीच ओवते.

एक सांगते, घाबरू नको. सर्वपित्रीच्या दुपारी न्हाणीत पाय घसरला. घरात एकटी असून दोन्ही कड्या लावल्या होत्या, नव्या घराचं कौतुक ना. हाका मारल्या, भिंत बडवली. टिन असतं तं एका थापेत अख्खी ओळ धावून आली असती. इटांच्या भिंतीतून काई जात नाही. दिवे लागल्यावर गजऱ्याची फुलं द्याले फुलवाला घरात आला, त्यानं न्हाणीचं दार तोडून काढलं मले. पाय आता बरा हाय.

पडल्या पडल्या मले तुहाच राग आला. लेकीसाठी घर बांधलं अन् लेक फोनवर म्हणते, बघू. काहून येत नाही वं तू? टिनाची लाज वाटत होती, थे मले समजत होतं. आता कायची वाटते? माही तं नाही ना?

काल नत्थुजीले बोलावून कपाट फोडलं. त्या जागी झोपडीचंच जुनं टिनाचं दार बसवलं. भागीरथा सकाळीच सुई-दोरा घेऊन आली, अन् दार वाकडं बसलं म्हणून नत्थुजीवर तोंडसुख घेतलं. तुह्या कपड्यायसाठी बाजूले खिळा ठोकला हाय.

दिवाळीले ये, नाही तं कवाही ये. घराले दोन दारं झाली, तुले बरं वाटीन त्या दारानं ये. कडी मी आता कोणत्याच दाराले लावत नाही.

तुही माय