नरक्याचा गुच्छ

प्रिय रसिका,

अलोऱ्याच्या वरच्या रानात तू नकाशावर नरक्याच्या झुडपांचं टिंब टाकलंयस, ते अजून खरं आहे का, असं विचारलंस. काल मंगळवारी काशीरामला घेऊन वर जाऊन आलो. गुडघे कुरकुरत होते, पण श्रावणातलं रान दिसलं की माझ्यातला मास्तर आपला कविता म्हणायला लागतो. ओढ्यालगतच्या चढणीला, मोठ्या झाडांच्या सावलीत ही झुडपं पूर्वी किती असायची! उघड्या कातळसड्यावर ती कधी आलीच नाहीत.

तुझी आई त्यांच्या गुच्छाची ती गोष्ट दर मंगळागौरीला सांगायची. लग्नानंतरचा पहिला श्रावण. मी नवा मास्तर, डोक्यात नुसती फुलांची गाणी. तिच्या केसांत माळायला रानातून पांढुरके, नाजूक गुच्छ तोडून आणले. पूजेला जमलेल्या बायका नाकाला पदर लावून एकेक करून लांब सरकल्या. नरक्या हे नाव काय उगाच पडलंय? "अहो, नुसती बघून तोडलीत? हुंगायचीत तरी!" एवढंच ती म्हणाली, पण गुच्छ संध्याकाळपर्यंत काढला नाही. पुढे मी बाजारातून मासे आणले तरी विचारायची, "हुंगलेत ना?"

गेल्या वर्षी इस्पितळात तूच तिला सांगितलंस, की सलाईनमधून चाललेलं औषध ज्या द्रव्यापासून बनतं, ते नरक्यात असतं. केस गेलेल्या डोक्यावरून हात फिरवत ती हसली होती. "केस होते तेव्हा केसांत घातलंत, आता शिरेत घाला."

त्या द्रव्यापायीच रान लुटलं गेलं, हे तू जाणतेसच. काल तिथे बुंधेसुद्धा नव्हते. पाण्यानं भरलेले खड्डे तेवढे होते. "गुरुजी, मुळासकट नेलानी हो," काशीराम म्हणाला. कुणाच्या तरी आईला औषध मिळालं असेल, असं मनाला सांगून पाहिलं. मन ऐकेना.

तर ते टिंब खोड. पण खरं सांगू, मी वर गेलो तो तुझ्या नकाशासाठी नव्हे, बाळ. आई गेल्यानंतरचा हा पहिला श्रावण. तिच्या फोटोला तोच गुच्छ घालायचा होता. रिकाम्या हातानं आलो आणि परसातला सोनटक्का घातला. सगळं घर सुवासानं भरलं, आणि मला रडू आवरेना. तुझ्या रोपवाटिकेत नरक्याचं एखादं रोप असलं तर गणपतीला येताना घेऊन ये. फुलायला वर्षं लागतील, मी असेन-नसेन. विहिरीकडच्या सावलीत लावू. माजघराची खिडकी तिकडेच उघडते.

तुझेच,
बाबा